माजी सैनिक, वीरपत्नी आणि त्यांचे कुटुंबीय : सोलापूर जिल्ह्यातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुढील प्रश्न माजी सैनिकांनी, त्यांच्या पत्नींनी आणि अनेकदा त्यांच्या मुला-सुनांनी अर्ज भरताना आम्हांला विचारलेले आहेत. करमाळ्यापासून अक्कलकोटपर्यंत अकराही तालुक्यांत भाषा आणि पीक बदलते, पण प्रश्न फारसे बदलत नाहीत. सरकारने हक्क नाकारल्यामुळे जितके नुकसान होते, त्याहून अधिक नुकसान कागदावरील एखाद्या चुकीच्या अक्षरामुळे होते, असा आमचा अनुभव असल्याने बऱ्याच उत्तरांचा रोख कागदपत्रांकडे वळला आहे.

सैन्यातून निवृत्त होऊन घरी आल्यावर सर्वांत आधी कोठे जावे?

सोलापूर येथील जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन नोंदणी करावी. हे कार्यालय राज्य शासनाच्या पुणे येथील सैनिक कल्याण विभागाच्या अखत्यारीत येते आणि केंद्राच्या योजनांसाठी त्याचा संबंध दिल्लीच्या केंद्रीय सैनिक बोर्डाशी असतो. जाताना मूळ डिस्चार्ज बुक म्हणजे निवृत्तीच्या वेळी मिळालेली सेवेच्या नोंदींची पुस्तिका, पीपीओ म्हणजे निवृत्तिवेतनाचा आदेश, आधार, पॅन, बँक पासबुक आणि छायाचित्रे सोबत न्यावीत, आणि प्रत्येक कागदाच्या दोन-तीन झेरॉक्स प्रती आधीच काढून ठेवाव्यात. पेन्शन तर खात्यावर जमा होतेच आहे, मग नोंदणी कशाला, असे म्हणून अनेक जण हे काम लांबणीवर टाकतात. पुढे मुलीच्या प्रवेशासाठी दाखला हवा असतो तेव्हा अर्जाची मुदत दोन दिवसांवर आलेली असते आणि ओळखपत्राचाच पत्ता नसतो.

डिस्चार्ज बुकातील पत्नीचे नाव आणि आधार कार्डावरील नाव जुळत नाही. यामुळे खरोखर अडचण येते का?

येते, आणि ती बहुधा पतीच्या निधनानंतरच लक्षात येते.

आपल्याकडे लग्नात ताटातील तांदळावर अंगठीने वधूचे नवे नाव लिहिण्याची चाल आहे. जवान मात्र रजा संपवून युनिटमध्ये परतल्यावर कारकुनाला पत्नीचे शाळेच्या दाखल्यावरचे, म्हणजे माहेरचे नाव सांगतो, आणि तेच पार्ट टू ऑर्डरद्वारे, म्हणजे युनिटच्या लेखी नोंद-आदेशाने, रेकॉर्डमध्ये कायम होते. पुढे गावात रेशन कार्ड, मतदार यादी, आधार, बँक या सर्व ठिकाणी तांदळावरचे नाव चालते. मंगळवेढा तालुक्यातील एका नाईक हुद्द्याच्या माजी सैनिकाच्या पत्नी आमच्याकडे आल्या, तेव्हा प्लॅस्टिकच्या पिशवीतून त्यांनी कव्हर निखळलेले डिस्चार्ज बुक काढले. त्यात बायकोचे नाव एक, आधारवर दुसरे, आणि पासबुकावर दुसऱ्या नावाला 'बाई' जोडलेले. तिन्ही नावे त्यांचीच होती, हे सिद्ध करण्यात वर्षाहून अधिक काळ गेला आणि तेवढे दिवस कुटुंब निवृत्तिवेतन अडकून राहिले.

सोलापुरात याला आणखी एक पदर आहे. अक्कलकोट, दक्षिण सोलापूर या भागांतील कन्नड नावे आणि शहराच्या पूर्व भागातील तेलुगू नावे इंग्रजीत लिहिताना प्रत्येक कारकुनाने आपापल्या कानाप्रमाणे लिहिलेली असतात. शिवाय सैन्यात आडनाव आधी येते की नंतर, वडिलांचे नाव धरले आहे की नाही, यावरही संगणकात दोन वेगळ्या व्यक्ती तयार होतात.

उपाय सोपा आहे, मात्र तो माजी सैनिक हयात असतानाच करावा. दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र, विवाहाची नोंद, आधार आणि आवश्यक असल्यास वृत्तपत्रातील जाहीर नोटीस जोडून जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत आपल्या रेकॉर्ड ऑफिसला, म्हणजे सेवेच्या नोंदी ठेवणाऱ्या सैन्याच्या कार्यालयाला, अर्ज पाठवावा. पती स्वतः सही करू शकत असताना हे काम जितक्या सहज होते, तितके नंतर होत नाही. मुलांच्या जन्मतारखांचेही तेच. लहान मुलाची नोंद करायची राहून गेलेली डिस्चार्ज बुके आम्ही कितीतरी पाहिली आहेत.

हयातीचा दाखला दिला होता, तरी निवृत्तिवेतन थांबले. असे का होते?

संरक्षण खात्याचे निवृत्तिवेतन आता 'स्पर्श' या संगणकीय प्रणालीतून, प्रयागराज येथील कार्यालयामार्फत थेट खात्यावर जमा होते. पूर्वी बँकच निवृत्तिवेतन वाटत असे आणि दाखलाही बँकेतच दिला जात असे. त्या सवयीने जीवन प्रमाण म्हणजे हयातीचा ऑनलाइन दाखला भरताना वितरण करणारे कार्यालय म्हणून जुन्या बँकेचे नाव निवडले जाते. दाखला तयार होतो, त्याचा क्रमांकही मोबाईलवर येतो, पण तो 'स्पर्श'पर्यंत पोहोचतच नाही. दाखला काढून देणाऱ्या सेवा केंद्रातील मुलाला 'स्पर्श निवडा' असे आवर्जून सांगावे आणि पडद्यावर काय निवडले आहे ते स्वतः वाचून पाहावे.

दाखला साधारणपणे नोव्हेंबरमध्ये द्यायचा असतो. ८० वर्षांवरील निवृत्तिवेतनधारकांना तो ऑक्टोबरपासून देता येतो. ज्यांच्या बोटांचे ठसे उमटत नाहीत त्यांच्यासाठी मोबाईलवर चेहरा ओळखून दाखला काढण्याची सोय आहे. आयुष्यभर कुदळ-फावडे किंवा शस्त्र हाताळलेल्या माणसांच्या बोटांवर ठसे राहत नाहीत, हे यंत्र बनवणाऱ्यांना उशिराच कळले असावे.

'समान हुद्दा, समान निवृत्तिवेतन' म्हणजे नेमके काय?

समान हुद्द्यावरून आणि समान सेवाकाळानंतर निवृत्त झालेल्या दोघांना, ते कोणत्याही वर्षी निवृत्त झालेले असोत, समान निवृत्तिवेतन मिळावे, हे या तत्त्वाचे सार आहे. त्याचा आदेश ७ नोव्हेंबर २०१५ रोजी निघाला आणि तो १ जुलै २०१४ पासून लागू झाला. दर पाच वर्षांनी फेरनिश्चिती होते, त्यानुसार १ जुलै २०१९ आणि १ जुलै २०२४ या तारखांपासून नवे दर आले. आपल्या पीपीओमध्ये हुद्दा, गट आणि सेवेची वर्षे बरोबर आहेत ना, हे तपासावे; दरांचा तक्ता बरोबर असूनही रक्कम कमी येत असल्यास चूक बहुधा या तीनपैकी एका ठिकाणी सापडते.

वय वाढल्यावर मिळणारी वाढ याहून वेगळी आहे. ८० वर्षे पूर्ण झाल्यावर मूळ निवृत्तिवेतनात २० टक्के, ८५ नंतर ३०, ९० नंतर ४०, ९५ नंतर ५० आणि १०० वर्षांनंतर १०० टक्के वाढ मिळते. रेकॉर्डमध्ये जन्मतारीख चुकली असेल, तर ही वाढ उशिरा सुरू होते.

निवृत्तिवेतनधारकाचे निधन झाल्यास पत्नीने काय करावे?

मृत्यूची नोंद ग्रामपंचायत किंवा महानगरपालिकेत झाल्यावर दाखल्याच्या पाच-सहा प्रती घ्याव्यात आणि 'स्पर्श' प्रणालीत तसेच जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात लवकरात लवकर कळवावे. पीपीओमध्ये पत्नीचे नाव आधीच नोंदलेले असेल, तर कुटुंब निवृत्तिवेतन सुरू होण्यास फारसा वेळ लागत नाही.

दर समजून घेतलेला बरा. निवृत्तीनंतर मृत्यू झाल्यास पहिली सात वर्षे किंवा संबंधित व्यक्ती ६७ वर्षांची झाली असती तोपर्यंत, यांपैकी जे आधी येईल तोवर वाढीव दर मिळतो. त्यानंतर सर्वसाधारण दर म्हणजे शेवटच्या वेतनाच्या ३० टक्के लागू होतो. सैनिक सेवेमुळे उद्भवलेल्या कारणाने मरण आल्यास विशेष कुटुंब निवृत्तिवेतन ६० टक्के असते, आणि युद्धात किंवा दहशतवाद्यांशी लढताना वीरमरण आल्यास उदारीकृत निवृत्तिवेतन शेवटच्या वेतनाइतके असते. पंढरपूरचे मेजर कुणाल गोसावी यांना २९ नोव्हेंबर २०१६ रोजी नगरोटा येथे वीरमरण आले, तेव्हा आपल्या जिल्ह्यातील अनेक घरांत या फरकाची पहिल्यांदा चौकशी झाली होती.

एक गोष्ट कटू वाटली तरी सांगितली पाहिजे. निधनानंतर खात्यावर आलेले मृत व्यक्तीचे निवृत्तिवेतन एटीएम कार्डाने काढू नये. दिवसकार्याच्या खर्चासाठी मुलगा ते काढतो, आणि पुढे त्याच रकमेची वसुली आईच्या कुटुंब निवृत्तिवेतनातून होते.

पंधरा वर्षे पूर्ण होण्याआधी सैन्य सोडले, म्हणून निवृत्तिवेतन नाही. काहीच मदत मिळत नाही का?

जवानांसाठी सेवा निवृत्तिवेतनाची किमान अट १५ वर्षांची आहे आणि ती पूर्ण न झालेल्यांची संख्या जुन्या पिढीत बरीच आहे. उत्पन्नाचे साधन नसलेल्या, ६५ वर्षांवरील, हवालदार हुद्द्यापर्यंतच्या अशा माजी सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना संरक्षण मंत्र्यांच्या माजी सैनिक कल्याण निधीतून दरमहा मदत मिळते. १ नोव्हेंबर २०२५ पासून ती ४,००० रुपयांवरून ८,००० रुपये झाली आहे. याच निधीतून दोन मुलांपर्यंत प्रत्येकी दरमहा २,००० रुपये शिक्षणासाठी आणि मुलीच्या विवाहासाठी १ लाख रुपये मिळू शकतात. अर्ज केंद्रीय सैनिक बोर्डाच्या संकेतस्थळावर भरायचा असतो आणि पडताळणी जिल्हा कार्यालय करते. पात्र असूनही अर्जच न करणारी माणसे आम्हांला सर्वाधिक याच गटात भेटतात. मागणे कमीपणाचे वाटते, हे त्यामागचे कारण असते.

सेवेत असताना अपंगत्व आले. निवृत्तिवेतनाखेरीज पुनर्वसनाची काय सोय आहे?

अपंगत्व सेवेमुळे आले किंवा सेवेमुळे वाढले, हे वैद्यकीय मंडळाने मान्य करणे हा पहिला टप्पा आहे. मंडळाने नाकारल्यास विहित मुदतीत अपील करता येते आणि तेथेही न्याय न मिळाल्यास २००७ च्या कायद्यान्वये स्थापन झालेल्या सशस्त्र सेना न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठाकडे दाद मागता येते. 'मंडळाने नाही म्हटले म्हणजे संपले' असे समजून घरी बसू नये.

सोलापूरकरांच्या दृष्टीने भाग्याची गोष्ट अशी, की देशातील तीन महत्त्वाच्या संस्था रेल्वेच्या एका प्रवासावर आहेत. पुण्यात कृत्रिम अवयव केंद्र आहे. खडकी येथे मणक्याला इजा झालेल्या जवानांसाठी पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र आहे. आणि त्याच परिसरात अपंग जवानांना हाताला काम देणारी, १९१७ मध्ये स्थापन झालेली क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट आहे. चाकाच्या खुर्चीवर बसून बाण मारण्याचा सराव करणारे जवान ज्याने खडकीत पाहिले आहेत, त्याला 'आता याचे पुढे कसे होणार' हा प्रश्न निराळ्या रीतीने विचारावासा वाटतो.

ईसीएचएस म्हणजे काय, आणि तातडीच्या वेळी जवळच्या खासगी रुग्णालयात जाता येते का?

माजी सैनिकांसाठीची ही अंशदायी आरोग्य योजना १ एप्रिल २००३ पासून सुरू आहे. निवृत्तिवेतनधारक, त्यांची पत्नी, अविवाहित व न कमावणारा २५ वर्षांपर्यंतचा मुलगा, अवलंबित मुलगी आणि उत्पन्नाच्या मर्यादेत बसणारे आई-वडील तिचे लाभार्थी असतात. नेहमीच्या तपासणीसाठी सोलापुरातील पॉलिक्लिनिकमध्ये जावे लागते आणि तेथून गरजेनुसार संलग्न रुग्णालयाकडे पाठवले जाते.

तातडीच्या प्रसंगी रेफरलची वाट पाहू नये. संलग्न रुग्णालयात थेट दाखल व्हावे आणि ४८ तासांच्या आत पॉलिक्लिनिकला कळवावे. संलग्न नसलेल्या रुग्णालयात जावे लागले तरी हीच मुदत पाळावी. तेथे बिल आधी भरून नंतर मंजूर दरानुसार परतावा मागावा लागतो, म्हणून प्रत्येक पावती आणि डिस्चार्ज कार्ड जपावे. संलग्न रुग्णालयाला योजनेच्या रुग्णाकडून आगाऊ रक्कम मागता येत नाही. तरीही एकदा मध्यरात्री एका निवृत्त सुभेदारांना छातीत कळ आली असताना, संलग्न असलेल्या एका रुग्णालयाच्या खिडकीवर 'आधी अनामत भरा, कार्डाचे सकाळी बघू' असे आम्ही स्वतःच्या कानांनी ऐकले आहे. अशा वेळी वाद न घालता, शक्य असल्यास त्यांच्याकडून मागणी लेखी घ्यावी आणि पॉलिक्लिनिकच्या प्रभारी अधिकाऱ्यांना लगेच फोन करावा. कागद मागितला की बहुतेकदा सूर बदलतो.

घरपट्टी माफ होते, हे खरे आहे का?

होय. पूर्वी ही सवलत शौर्यपदकधारक आणि शहिदांच्या पत्नींपुरती होती. २०२० मध्ये बाळासाहेब ठाकरे माजी सैनिक सन्मान योजनेद्वारे ती सर्व माजी सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना लागू झाली. राज्याचे अधिवासी असणे आवश्यक आहे, सवलत एकाच मालमत्तेला मिळते आणि जिल्हा सैनिक कल्याण अधिकाऱ्यांचे प्रमाणपत्र जोडावे लागते. घर वडिलांच्या किंवा भावाच्या नावावर असेल तर अर्ज अडतो, म्हणून उताऱ्यावरील नाव आधी पाहावे.

नागरी नोकरीत आरक्षण किती आहे?

राज्य शासनाच्या गट क आणि गट ड पदांमध्ये माजी सैनिकांसाठी १५ टक्के समांतर आरक्षण आहे. केंद्रात ते गट क साठी १० आणि गट ड साठी २० टक्के आहे. वयात सैन्यसेवेचा काळ अधिक तीन वर्षे अशी सवलत मिळते. प्रत्यक्षात मात्र या जागा पुष्कळदा रिकाम्या राहतात, कारण चाळिशीच्या उंबरठ्यावर आलेला हवालदार बावीस वर्षांच्या मुलांसोबत तीच लेखी परीक्षा देत असतो. त्याने पंधरा-सतरा वर्षे सिग्नलचे संच दुरुस्त केले, किंवा बर्फात वाहनांचा ताफा चालू ठेवला, याला त्या प्रश्नपत्रिकेत गुण नाहीत. निवृत्तीपूर्वीच्या शेवटच्या दोन वर्षांत पुनर्वसन महासंचालनालयाचे अभ्यासक्रम करून त्यांचे प्रमाणपत्र मिळवणे आणि ज्या कामाचा हात बसला आहे त्याच क्षेत्रात जाणे, हे आम्ही अधिक सुचवतो. सुरक्षारक्षकाचे काम हवे असल्यास महाराष्ट्र माजी सैनिक महामंडळाकडे, म्हणजे मेस्कोकडे नाव नोंदवावे.

मुलांच्या शिक्षणासाठी कोणत्या योजना आहेत?

पंतप्रधान शिष्यवृत्ती योजनेत व्यावसायिक पदवी अभ्यासक्रमाच्या पहिल्या वर्षाला प्रवेश घेतलेल्या आणि बारावीला किमान ६० टक्के गुण असलेल्या मुलांना दरमहा २,५०० आणि मुलींना ३,००० रुपये मिळतात. ज्यांना सैन्यातच जायचे आहे त्यांच्यासाठी १९६१ मध्ये सुरू झालेली साताऱ्याची सैनिकी शाळा आणि छत्रपती संभाजीनगर येथील सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था आहे. मुलींसाठी अशीच संस्था नाशिकला आहे, आणि २०२२ पासून राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतही मुलींना प्रवेश मिळू लागला आहे.

अग्निवीर परत आल्यावर माजी सैनिक गणला जातो का?

सध्याच्या अटींनुसार नाही. १४ जून २०२२ रोजी जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेत सेवाकाळ चार वर्षांचा आहे. त्यातील २५ टक्क्यांपर्यंत तरुण नियमित सेवेत घेतले जातात आणि उरलेल्यांना व्याजासह सुमारे ११.७१ लाख रुपयांचा करमुक्त सेवानिधी मिळतो. त्यांना निवृत्तिवेतन, ग्रॅच्युइटी, ईसीएचएस आणि कॅन्टीनची सोय नाही. सेवेत मृत्यू आल्यास ४८ लाख रुपयांचे विमासंरक्षण आहे.

पहिल्या तुकड्या २०२२ च्या अखेरीस आणि २०२३ च्या आरंभी दाखल झाल्या, त्यामुळे २०२६ च्या अखेरीपासून ही मुले गावी परतू लागतील. पहाटे सांगोल्याच्या रस्त्यावर धावणारी पोरे पाहिली की आम्हांला याचीच काळजी वाटते. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांत माजी अग्निवीरांना आरक्षण जाहीर झालेले आहे. तरी एकरकमी मिळालेला पैसा ट्रॅक्टरच्या हप्त्यात किंवा बहिणीच्या लग्नात संपण्याआधी घरच्यांनी एकत्र बसून विचार करावा, एवढे सांगणे आम्ही आमचे काम समजतो.

जवान सीमेवर असताना गावाकडे जमिनीचा दावा दाखल झाला तर?

भारतीय सैनिक (खटले) अधिनियम, १९२५ यासाठीच आहे. विशेष परिस्थितीत सेवा बजावणाऱ्या जवानाच्या कमांडिंग ऑफिसरने तसे प्रमाणपत्र दिल्यास न्यायालय कामकाज पुढे ढकलू शकते, म्हणून नोटीस मिळताच तिचा फोटो युनिटमध्ये पाठवावा. बांधाचा किंवा वाटणीचा वाद असल्यास तहसीलदारांकडे अर्ज करताना जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचे पत्र जोडावे. २६ जुलै २०२५ पासून नालसाच्या, म्हणजे राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या, वीर परिवार सहायता योजनेखाली सैनिक कुटुंबांना मोफत कायदेविषयक मदतही मिळू लागली आहे.

निवृत्तिवेतनावर एवढा खर्च करण्यापेक्षा तो पैसा शस्त्रांवर खर्च केल्यास संरक्षण अधिक बळकट होणार नाही का?

हा प्रश्न चहाच्या टपरीवर नेहमी निघतो आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात संरक्षणासाठी सुमारे ६.८१ लाख कोटी रुपयांची तरतूद होती. त्यातील सुमारे १.६१ लाख कोटी निवृत्तिवेतनासाठी आणि १.८० लाख कोटी शस्त्रास्त्रे व साधनसामग्रीसारख्या भांडवली खर्चासाठी होते. दोन्ही आकडे जवळजवळ आहेत, ही चिंतेची बाब आहे हे मान्य करावे लागते.

परंतु हा खर्च सैन्याने स्वतःहून तरुण राहण्याची मोजलेली किंमत आहे. डोंगरावर चढणारी पलटण तरुण हवी म्हणून जवानाला पस्तिशी-चाळिशीत घरी पाठवले जाते, जेव्हा नागरी कर्मचाऱ्यापुढे अजून वीस वर्षांची नोकरी असते आणि घरात मुले शाळेत असतात. शिवाय गावातला मुलगा भरतीचा निर्णय जाहिरात पाहून घेत नाही. शेजारच्या निवृत्त हवालदाराचे घर कसे चालले आहे, त्याच्या बायकोला पेन्शनसाठी किती हेलपाटे घालावे लागले, हे पाहून घेतो. त्यामुळे या खर्चात काटकसर करायचीच असेल, तर ती हेलपाट्यांमध्ये करावी, असे आमचे मत आहे.

सैन्याशी संबंध नसलेला सोलापूरकर काय करू शकतो?

१९४९ पासून ७ डिसेंबर हा सशस्त्र सेना ध्वजदिन म्हणून पाळला जातो. त्या निधीला दिलेली देणगी आयकरात सवलतीस पात्र असते आणि जिल्हा कार्यालयात तिची पावती मिळते. देशभरातील शाळांचे गणवेश शिवणाऱ्या या शहरात शिलाई कारखान्यांना भांडारपाल, पर्यवेक्षक, वाहनव्यवस्था पाहणारा माणूस लागतोच. अशा जागी माजी सैनिक ठेवून पाहावा. आणि शेजारच्या घरातील आजी एकट्या असतील, तर नोव्हेंबरमध्ये त्यांना हयातीच्या दाखल्यासाठी दुचाकीवरून सेवा केंद्रात नेऊन आणावे. या कामाला पाऊण तास लागतो.

'स्पर्श'मधून बोलतो असे सांगून ओटीपी मागणारा फोन आला तर?

ठेवून द्यावा. कोणतेही सरकारी कार्यालय फोनवर ओटीपी मागत नाही.

मूळ डिस्चार्ज बुक हरवले किंवा वाळवीने खाल्ले. दुसरे मिळते का?

हरवले असल्यास पोलीस ठाण्यात तशी नोंद करून तिची प्रत घ्यावी, प्रतिज्ञापत्र करावे आणि दोन्ही कागद जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत रेकॉर्ड ऑफिसला पाठवून सेवेच्या नोंदींचे प्रमाणपत्र मागावे. खराब झाले असल्यास उरलेली पाने फेकू नयेत. सर्व्हिस नंबर दिसणारा एक तुकडाही शोध घेण्यास पुरतो. सर्व्हिस नंबरही आठवत नसल्यास जुनी मनिऑर्डरची पावती, युनिटमधून आलेले एखादे आंतरदेशीय पत्र, पदकाची कड असे काही घरात आहे का ते पाहावे. पदकाच्या कडेवर नंबर आणि नाव कोरलेले असते. बार्शीकडच्या एका कुटुंबाला तो देव्हाऱ्यात, हळदी-कुंकवाने माखलेल्या पदकावर सापडला. लिंबू आणि राखेने घासल्यावर सगळे आकडे स्वच्छ वाचता आले.